लाल झाकणाचा पाइप

कारभारी ढगे हा माणूस कामाला वाईट नव्हता, पण त्याला आपल्या घराण्याचा भारी ताठा होता. बहात्तरच्या दुष्काळाने कर्जत तालुक्यातल्या भल्याभल्यांना रस्त्यावर खडी फोडायला बसवलं, तेव्हा हा गडी ओसरीवर बसून राहिला. खडी फोडणं म्हणे आमच्या घराला शोभत नाही. मग बोअर पाडायला आलेल्या एका गोऱ्या साहेबाची घरगाडी गावाबाहेरच्या माळावर, विहिरीशेजारी, येऊन उभी राहिली. साहेबाला राखणदार हवा होता. सरपंच आप्पासाहेबांनी कारभारीचं नाव सुचवलं. राखणदारी म्हणजे कसं, मानाचं काम! कारभारी पटका बांधून हजर झाला.

घरगाडी म्हणजे बसएवढी मोटार आणि तिच्या पोटात अख्खा संसार. साहेब आणि मडम तिच्यातच झोपत, तिच्यातच रांधत आणि परसाकडेलाही तिच्यातच बसत. हे शेवटचं कारभारीला कामावर रुजू झाल्यावर कळलं. गाडीच्या बुडाखाली मैल्याची टाकी होती. ती भरली की जाड काळा रबरी पाइप टाकीच्या तोंडाला लावायचा, दुसरं टोक खड्ड्यात सोडायचं आणि खटका ओढायचा. हे काम राखणदाराचंच होतं. नाही म्हणावं तर परत ओसरीवर, आणि घरात तर दाणा नव्हता.

साहेबाने मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं नीट शिकवलं. जाड पाइप धुऊन मागच्या बंपरखालच्या लांब नळकांड्यात सारायचा. त्याला लाल झाकण. पाइप जोडायची त्याची पितळी कडी लाल डब्यात. पिण्याचं पाणी भरायचा बारीक पाइप मात्र गाडीच्या बाजूच्या निळ्या कपाटात. “लाल में लाल, नीला में नीला. कभी साथ नहीं,” असं साहेब दर खेपेला बोट नाचवून सांगायचा. कारभारी मान डोलवायचा.

गाव जागं व्हायच्या आधी, तोंडाला फडकं बांधून तो टाकी रिकामी करी. ज्या लोकांवर गावाने हे काम पिढ्यानपिढ्या लादलं होतं, त्यांची सावलीसुद्धा ढग्यांच्या घरात कुणी अंगावर पडू देत नसे. आता ढग्यांचा कर्ता पुरुष तेच काम करत होता आणि कुणी बघू नये म्हणून देवाला हात जोडत होता. तेव्हाही त्याच्या मनात त्या लोकांविषयी काही आलं नाही. आली ती फक्त स्वतःची कीव.

एका सकाळी त्याला उशीर झाला आणि नेमका काष्टीचा सूर्यभान माळावर येऊन ठेपला. कारभारीची एकुलती एक लेक मालन, सूर्यभानच्या पोराला द्यायची असं ठरत आलं होतं. सुपारी तेवढी फुटायची राहिली होती. पाहुणा घरी न जाता आधी घरगाडीची मौज बघायला आला, तर व्याही जाड पाइप धुतोय.

“ह्यो कसला वो पाइप, पाव्हणं?”

कारभारीची पाचावर धारण बसली. “पान्याचा,” तो म्हणाला. “सायबाचं पानी भराया.”

सूर्यभान तिथेच उभा. मग काय करतो? कारभारीने तो पाइप निळ्या कपाटात, बारीक पाइपाशेजारी, छान वेटोळं करून ठेवला. त्या दिवसापासून तो तिथेच राहिला. कुणीही कधीही येईल आणि विचारील, ही धास्ती. पितळी कडी त्याने राखेने घासून लख्ख केली आणि कपाटाच्या खिळ्यांना ओळीने टांगली. दुर्गंधी मारायचं साहेबाचं वासाचं औषध तो टाकीत आणि पाइपात दरवेळी भरपूर ओती. धुतलाय की स्वच्छ, मग एकत्र ठेवला तर काय बिघडलं, असं त्याने स्वतःला पटवलं. साहेब दिवसभर बोअरवर, त्याला पत्ताच नाही.

पुढे साहेब-मडम जीप घेऊन पुण्याला गेले. जाताना टाकी रिकामी करून घेतली, खड्डा बुजवून घेतला, गाडीला कुलूप लावलं. बाहेरच्या कपाटाला नुसती कडी होती. त्याच आठवड्यात गावाला पाण्याचा टँकर आला.

टँकर विहिरीत ओतायचा आणि बायकांनी शेंदून घ्यायचं, अशी रीत होती. मागे एकदा तोटीवर हंडे लावले, तर दोन बायकांची डोकी फुटली होती. पण त्या दिवशी टँकरचा कॅनव्हासचा पाइप फाटला. टँकर बांधाच्या अलीकडे, विहीर पलीकडे. मधल्या ढेकळांत पाणी सोडलं असतं, तर ते जमिनीनेच पिऊन टाकलं असतं. शमशेर ड्रायव्हर घाईत होता. पुढचं गाव त्याची वाट बघत होतं.

“पाइप आणा, न्हाईतर मी चाललो,” तो म्हणाला.

“कारभारी, तुझ्याकडं हाय की जाड पाइप!” आप्पासाहेब म्हणाले.

“हाय तर!” सूर्यभान पुढे झाला. तो त्या दिवशी सुपारीची तारीख काढायला आला होता. “म्या डोळ्यानं बघितलाय. पान्याचाच हाय.”

कारभारीने बारीक पाइप काढून दिला. शमशेर हसला. “ह्यातनं टँकर संपायला दिवस मावळंल, चाचा.” मग कारभारी म्हणाला, सायेब रागावंल. मग म्हणाला, जाड पाइपाला भोक हाय. तोवर आप्पासाहेबांनी स्वतः कपाट उघडलं. काळा तुकतुकीत पाइप आणि चकाकणारी कडी बघून बायकांनी सुस्कारा सोडला.

कारभारीने डोळे मिटले. मालनचं लग्न त्याला मोडलेलंच दिसलं. तरी तो बोलला. एवढं त्याच्या पदरात घातलंच पाहिजे.

“आप्पासाहेब, त्यो पाइप संडासाचा हाय.”

सगळ्यांत खसखस पिकली.

“मोटारीत संडास? आन त्यो धुतो कोन?” एक म्हातारी म्हणाली.

“मी. मीच धुतो. रोज पहाटं.”

सूर्यभानचा चेहरा लाल झाला, पण कारभारीवर रागावून नव्हे. “पाव्हणं, सायबाच्या रबरापायी सोताच्या घरान्याला बट्टा लावता व्हय? ढग्यांच्या घरातला मानूस असलं काम करंल? मंग मी तुमच्या दारात पोरगी मागाया आलो असतो?”

कारभारीने आप्पासाहेबांचा हात धरला आणि त्यांना ओढत गाडीमागे नेलं. टाकीचं तोंड दाखवलं, खटका ओढला. थेंबसुद्धा पडला नाही. आप्पासाहेबांनी वाकून वास घेतला. “दवाखान्यावानी वास येतोय,” ते म्हणाले. मग कारभारीने लाल झाकण उघडलं. “ही बगा, ह्या पाइपाची जागा ही.”

“मंग तिकडं निळ्या कपाटात का ठेवलास?”

“लाजंपायी,” कारभारी म्हणाला. पण तेवढ्यात शमशेरने हॉर्न दाबला तो सोडेचना, आणि हे ऐकायला कुणी थांबलं नाही. पाइप बांधावरून पलीकडे गेला होता. टँकरच्या तोंडाला कडं बसेना, तर पोरांनी ट्यूबची पट्टी आवळून बसवलं. कारभारी धावला, पाइप ओढायला लागला. दोघांनी त्याला धरून बाजूला उभं केलं, तेही मायेनेच. उन्हानं डोकं फिरलंय, म्हणाले. पाणी गडगडत विहिरीत पडायला लागलं आणि माणसं देवाचं नाव घ्यायला लागली. एवढं बेवारशी त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आई मेली तेव्हासुद्धा नाही.

पाहुण्याचा मान पहिला. मालनने पहिला पोहरा शेंदला, तांब्या भरला आणि पदर सावरून सूर्यभानपुढे धरला. सूर्यभानने तो तोंडाशी नेला. कारभारी झेपावला आणि त्याने हाताच्या फटक्याने तांब्या उडवला.

पाणी मातीत गेलं. बायकांच्या रांगेतून किंकाळी उठली. सूर्यभानने मिशीवरचं पाणी पुसलं.

“तोंडाचं पानी काढून घेतलंत,” तो म्हणाला. “असल्या सालात दुश्मनबी असं करत न्हाई. पोरगी ठिवा तुमच्यापाशीच.”

तो बांधावरून उतरला आणि काष्टीच्या वाटेला लागला. मालनने तांब्या उचलला, पदराने पुसला आणि ती पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा कारभारी विहिरीजवळ गेला.

“माले, नगं पिऊ त्ये.”

तिचे ओठ उन्हाने फुटले होते. ती रडली नव्हती. रडायलाही अंगात पाणी लागतं.

“मंग काय पिऊ, आबा?”

ती ओंजळीने प्यायली, अगदी पोटभर. मग हंडा भरला, काठोकाठ, आणि चुंबळ डोक्यावर ठेवून ती उभी राहिली. भरला हंडा एकट्याने डोक्यावर चढत नाही. आसपासच्या बायकांनी माना फिरवल्या होत्या.

“आबा, हात लावा,” ती म्हणाली.

त्याने हात लावला.