कानसेन आणि दोन रिले

"बोला कानसेन, कुठला घालायचा?" घाईमास्तरांनी पुन्हा विचारलं. घाईमास्तर हे सुपरवायझरचं नाव, सगळ्या कारखान्याने ठेवलेलं.

टेबलावर दोन रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, होते. क्रेनच्या ब्रेकचा वीजपुरवठा तोडायचं काम त्यांतल्या एकाला मिळणार होतं. पुरवठा तुटला की ब्रेक आवळतो. तोडताना ठिणगी रेंगाळली, तर एक ना एक दिवस रिलेच्या आतले एकमेकांना टेकणारे पॉइंट वितळून चिकटणार, पुरवठा तुटणारच नाही, ब्रेक सैलच राहणार आणि हुकाला टांगलेलं ओझं खाली येणार. खाली माणसं असतात.

घरात असते तसल्या एसी विजेवर दोन्ही रिले शेर. पण इथे होता दोनशेवीस व्होल्टचा डीसी, आणि डीसीची ठिणगी म्हणजे चिवट पाहुणा, ऊठ म्हटलं तरी उठत नाही. पहिल्या प्रकारचे रिले कपाटात हवे तितके होते. दुसरा दणकट, पण लागणार चार-पाच आणि नमुन्याला आलेला एकच, बाकीचे यायला आठवडा. आणि गिऱ्हाइकाचा माल न्यायला ट्रक तर दारात उभा!

"पहिला कागदावर काठावर पास आहे," इंजिनीअर बाई म्हणाल्या. "तुमचा कान सांगेल तसं करू."

कानसेनच्या कानाचीच तर कीर्ती होती. रिले सुटताना नुसती 'टक' येते की मागे रेंगाळणाऱ्या ठिणगीची बारीक 'चर्र', हे तो पाठमोरा उभा राहून सांगायचा. पण वर्षभर ती चर्र त्याला ऐकूच येत नव्हती. घरी बायको ओरडून बोलायला लागली होती. विषय मात्र दोघांनीही काढला नव्हता. तो घरीदारी मान डोलवून वेळ मारून न्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याने पहिल्या रिलेचं बटण दाबून सोडलं. टक. मागे काही होतं का? देव जाणे. 'घाला' म्हटलं की सुटलो, शब्द अगदी जिभेवर आला होता.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"थांबा, कॉम्प्रेसर बंद करतो."

"कॉम्प्रेसरचं नाही हो मास्तर. माझे कानच गेलेत. वर्ष झालं."

कुणी हसलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

"मग डोळ्यांनी बघू या," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही रिलेंची कव्हरं काढली, पुढे जाड काच उभी केली, दिवे मालवले. त्याने पहिल्या रिलेचं बटण सोडलं. निळी ठिणगी दोन पॉइंटांमध्ये ताणली गेली, लोंबकळली, मग कुठे विझली. दुसऱ्या रिलेत ती उमटते न उमटते तोच गेली.

इतकी वर्षं ऐकलेली चर्र त्याने आज पहिल्यांदा पाहिली. सुंदर दिसत होती मेली!

"दुसराच घाला. ट्रक परत पाठवा."

'आता गिऱ्हाइकाच्या शिव्या मी खातो,' असं काहीसं घाईमास्तरांच्या ओठांवर दिसलं.

"उद्यापासून अशीच चाचणी घेऊ," बाई त्याच्यासमोर येऊन सावकाश म्हणाल्या. "बटण तुम्हीच दाबायचं."

त्याने मान डोलवली. कान आता कुणाला लागणार नव्हता.

घरी पाऊल टाकताच बायको आतून ओरडली, "हात धुऊन घ्या!"

"हळू बोल गं," तो म्हणाला. "सांगितलं आज सगळ्यांना."

ती दारात आली. त्याच्याकडे बघत काहीतरी अगदी हळू बोलली. त्याची मान सवयीने हलायला लागली. ती त्याने आवरली आणि तिच्याजवळ गेला.

"काय म्हणालीस? पुन्हा सांग."