मनकर्णेची मासोळी

"ही मासोळी कुठली?" डॉक्टरांनी विचारलं.

"जाम नदीच्या डोहातली. तिथलीच इकत असतो मी," मनकर्णा म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या टोपलीतले दोन मासे बरणीत घातले. झालं, तिला वाटलं, आता हे सारं आपल्यावरच येणार.

रघुनाथरावांची सून छाया जुलाब-तापाने गेली होती. शेजारच्या घरातली दोघं अजून अंथरुणावर होती. त्या आठवड्यात दोन्ही घरांना मासोळी मनकर्णेनेच दिली होती, लोकांना तेवढं पुरलं. पांढुर्ण्याच्या बाजारात बाया तिची टोपली टाळून पुढे जात. तिचा स्वतःवरचाही भरवसा उडाला होता. प्रत्येक मासा ती हुंगून बघायची, तरी मन खात्री देत नव्हतं.

नागपूरहून आलेल्या डॉक्टरांनी आजाऱ्यांची तपासणी केली, मग रघुनाथरावांची विहीर पाहिली. शेजारीही तिथूनच पाणी भरत. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत एक कासव सोडलेलं होतं.

"तपासायला तेही लागेल," डॉक्टर म्हणाले.

कोणी पुढे होईना. मनकर्णेने जाळं सोडून ते वर काढलं.

डॉक्टर तपासणी संपवून पांढुर्ण्याला परतले तोवर राज्यांची नवी रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं, पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिला होता. रघुनाथरावांच्या ओसरीवर माणसं जमली.

"आजाऱ्यांच्या पोटातला जंतू कासवात सापडला," डॉक्टर म्हणाले. "विहिरीचं पाणी कोणी पिऊ नका."

छायाचा नवरा गुणवंता उठला. "कासव हिनंच काढलं, साहेब. हिच्याच हातानं जंतू लागला असन त्याले."

सगळे मनकर्णेकडे पाहू लागले. ती दाराशी तशीच उभी राहिली.

"तिच्या माशांतही जंतू होता," डॉक्टर सावकाश म्हणाले. "दिसायला अगदी तसाच. पण जात निराळी. तिच्या हातून लागला असता, तर कासवात तिच्या माशांतली जात सापडली असती. सापडली ती तुमच्या माणसांतली."

रघुनाथरावांनी मान खाली घातली.

पुढच्या बाजाराला गुणवंता तिच्या टोपलीपाशी येऊन थांबला. त्याने एका माशाकडे बोट दाखवलं. तिने तो साफ करून पानात बांधला, पण त्याने हात पुढे केला नाही.

"घरी रांधाले कोणी नाही, बाई," तो म्हणाला.

मनकर्णेने पुडा खाली ठेवला. बसायचं पोतं थोडं सरकवून तिने शेजारी जागा केली.

"बसा," ती म्हणाली.