पार्श्वभूमीत एक इसम, चालत

समुद्रकिनाऱ्यावर शूटिंग करायचं म्हणजे कॅमेरा, नटी आणि ऊन जमलं की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी किनारा कार्यालयाचा अर्ज एकदा डोळ्यांखालून घालावा. अकरा पानं आहेत. कुठल्या दिव्याच्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत रस्ता अडवणार ते नकाशावर लाल शाईने दाखवा. भरतीची वेळ लिहा. वाळूत टेकणारे स्टँड किती तेही लिहा. आणि शेवटच्या पानावर समोरच्या इमारतींमधल्या एकूण एक घराची ना-हरकत सही आणा. एक सही कमी पडली की फाइल आली तशी परत.

या सह्या गोळा करण्यात ज्याची हयात गेली त्याला जाहिरात कंपनीत सगळे सहीराव म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहिलं. पन्नाशीचा, काटकुळा, पायाला भिंगरी लागलेला माणूस. जेवायला बसला तरी एक पाय दाराकडे. मागच्या दोन शूटिंगांची परवानगी त्याच्या हातून निसटली होती, आणि मालकांनी गोड शब्दांत सांगितलं होतं की तिसऱ्यांदा असं झालं तर दोघांनाही वाईट वाटेल.

यावेळी साबणाची जाहिरात होती. तीन दिवस, दुपारी तीन ते सहा. एकेचाळीस घरांपैकी चाळिसांच्या सह्या झपाट्याने झाल्या. कुणी नटी बघायला मिळेल म्हणून सही केली, कुणी ही ब्याद दारातून जावी म्हणून. एकेचाळिसावं घर तळमजल्यावरचं. तिथल्या काकूंनी खिडकीच्या गजांमधून कागद घेतला, चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला. अर्ज वाचणारं माणूस सहीरावांना प्रथमच भेटत होतं.

"नाही जमायचं. चार वाजता आमचे हे समोर चालतात."

"एवढंच ना काकू? तीन दिवस मागच्या गल्लीत चालतील."

"चार वाजता या आणि बघा," काकू म्हणाल्या. "मग मला सांगा."

चार वाजता सहीराव आले. काकूंनी नवऱ्याला हाताला धरून तिसऱ्या खांबापाशी आणून उभं केलं आणि स्वतः खिडकीत जाऊन बसल्या. पंच्याहत्तरीचे काका, इस्त्रीचा शर्ट, डावा हात खांबावर. जायचं होतं पाचव्या खांबापर्यंत, जिथे बाक होता. पण काका हलेनात. "निघा आता," काकू खिडकीतून म्हणाल्या. "डावा पाय उचला. निघा हो." पाच मिनिटं झाली. दहा झाली. सहीराव एका जागी एवढा वेळ उभे राहिल्याचं त्यांच्या बायकोला सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता. सोळाव्या मिनिटाला काकांचा डावा पाय उचलला गेला, आणि मग मात्र ते हळूहळू पण न अडखळता थेट बाकापर्यंत गेले.

"झटका येऊन सात महिने झाले," काकूंनी सांगितलं. "पायांत दोष नाही म्हणतात डॉक्टर. चालणं आहे, सुरुवात तेवढी गेलीय. बोलणंही गेल्यातच जमा. मध्ये खांब रंगवायला दोन दिवस रस्ता बंद होता, तर पुढे अकरा दिवस नुसते उभे. बत्तीस वर्षं बस चालवली या माणसाने. डबल बेल पडली की गाडी सुटलीच पाहिजे, एक मिनिट इकडचं तिकडे नाही. आणि आता माझ्या नशिबी हे, एका पावलासाठी विनवण्या करणं."

सहीरावांनी अर्ज उचलला आणि निघाले. खरं तर चाळीस सह्या आणणाऱ्याला एकेचाळिसावी स्वतःच करायला कितीसा वेळ लागतो! कोपऱ्यावर जाऊन त्यांनी पेन उघडलंही. मग त्यांना तो इस्त्रीचा शर्ट आठवला. रोज सोळा मिनिटं उभं राहायचं ठाऊक असून कुणीतरी तो इस्त्री करत होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. इतक्या वर्षांत तेही पहिल्यांदाच.

सातव्या पानावर एक रकाना होता: पार्श्वभूमीतील व्यक्ती. ज्यांची नोंद इथे होईल त्यांना अडवलेल्या भागात मोकळीक. सहीरावांनी लिहिलं, "एक इसम, चालत. तिसरा खांब ते पाचवा खांब. रोज चार वाजता." काकूंनी तेही शब्दन् शब्द वाचलं आणि सही केली.

किनारा कार्यालयातल्या मॅडमनी मात्र नेमकं सातव्या पानावर बोट ठेवलं.

"हा इसम कोण?"

"कथेत आहे, मॅडम."

"साबणाच्या जाहिरातीत कथा?"

"असते, मॅडम. बारीकशी."

मॅडमनी शिक्का उचलला, पण मारला नाही. "अर्जात लिहिलंय ते झालंच पाहिजे हं. आमचा तपासनीस रोज येईल. इसम चालला नाही तर त्याच दिवशी परवानगी रद्द." आणि मग मारला.

सहीराव पायऱ्या उतरले ते देवाचं नाव घेतच. स्वतः खणलेल्या खड्ड्यात माणूस इतक्या अलगद क्वचित पडतो.

पहिल्या दिवशी पावणेचारला सगळं सज्ज होतं. नटी वाळूत, कॅमेरा कठड्यापाशी, तपासनीस वही उघडून, आणि काका तिसऱ्या खांबाशी. दिग्दर्शकाने दोनदा विचारलं की हे आजोबा कुणी आणले, आणि दोन्ही वेळा सहीराव दुसरीकडे बघू लागले. चार वाजले. चार वाजून तीन मिनिटं झाली. काकू खिडकीतून "निघा हो" म्हणत होत्या, पण जनरेटरच्या घरघरीत कुणाला ऐकू येणार?

दिग्दर्शकाची सहायक भोंगा घेऊन पुढे झाली. तो भोंगा जुनाट होता. बटण दाबलं की आधी किंचाळायचा. तो नीट चालावा म्हणून ती दरवेळी दोनदा दाबायची. टूं टूं. "अॅक्शन!"

आणि काका निघाले.

सोळा मिनिटं नाहीत, सोळा सेकंदसुद्धा नाहीत. डावा पाय, उजवा पाय, मान ताठ. काकू खिडकीत अर्ध्या उठल्या आणि तशाच राहिल्या. एवढ्यात नटीच्या तोंडात केस गेले. सहायकेने घाईघाईत भोंगा दाबला, टूं, "कट!" आणि काका रस्त्याच्या मधोमध थांबले, एक पाय पुढे टाकून. मंडळी हसली. पुन्हा टूं टूं, अॅक्शन, आणि काका पुढे. त्या दिवशी सहा टेक झाले, म्हणून काका सहा हप्त्यांत पाचव्या खांबाला पोचले. शेवटच्या हप्त्याला कुणी हसत नव्हतं. दिग्दर्शकाने स्वतः त्यांना बाकावर बसवलं. तपासनिसाने लिहिलं, "इसम चालला."

तिन्ही दिवस हेच झालं. तिसऱ्या दिवशी काकूंनी सगळ्या मंडळींना खिडकीतून चहा दिला, आणि सहीरावांना "अरे" म्हणायला लागल्या. नोकरीही वाचली होती. सहीरावांना वाटलं, आयुष्यात एक फाइल तरी आपण अशी केली की जिचं कुणी वाईट बोलणार नाही.

चौथ्या दिवशी, पावणेपाचच्या सुमारास, जागा स्वच्छ करून परत दिल्याचा कागद घेऊन ते किनारा कार्यालयाच्या रांगेत उभे होते. खिडकी पाचला बंद व्हायची. तेवढ्यात फोन वाजला.

"ती तुमची भोंग्यावाली कुठे आहे रे?" काकूंचा आवाज चिरकला होता.

"ती दुसऱ्या गावी गेली, काकू. काय झालं?"

"हे उभे आहेत. पाऊण तास झाला. मी अॅक्शन अॅक्शन म्हणून ओरडले, सगळी इमारत बाहेर आली बघायला. हे ढिम्म." मग त्या रडायलाच लागल्या. "सोळा मिनिटांत का होईना, निघत तरी होते. तेही गेलं. काय करून ठेवलंस रे हे?"

समोर फक्त एक माणूस उरला होता. कागद आज दिला नाही तर मॅडम पुढच्या अर्जाला हात लावणार नव्हत्या. सहीरावांनी कागदाची घडी केली, खिशात कोंबली आणि धूम ठोकली.

काका तिसऱ्या खांबाशी होते. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. सहीरावांनी दोन्ही हातांचा भोंगा करून "अॅक्शन!" म्हटलं. काहीच नाही. पुन्हा म्हटलं, तर दोन कुत्री भुंकली. मग ते गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत काकांकडे बघत राहिले, आणि तेव्हा त्यांना काकांची मान दिसली. समोर समुद्र होता, पण काकांचं लक्ष समुद्राकडे नव्हतं. मान जराशी मागे वळलेली, कान मागच्या बाजूला. बस भरून उभी असावी आणि ड्रायव्हर कंडक्टरची वाट बघत असावा, तशी.

टूं टूं म्हणजे निघा. टूं म्हणजे थांबा. ती पोरगी बिचारी तीन दिवस घसा फोडून उगाचच ओरडत होती.

"काकू!" सहीराव खिडकीकडे धावले. "डाव आणा! पळी, उलथनं, काहीही आणा! गजावर मारा. दोनदा, फक्त दोनदा!"

काकूंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून सहीरावांचेच डोळे भरून आले. त्या आत गेल्या, डाव घेऊन आल्या आणि बत्तीस वर्षं ऐकत आलेल्या माणसासारख्या ठोक्यात त्यांनी तो गजावर मारला.

टण टण.

काकांचा हात खांबावरून सुटला. पण पाऊल टाकायच्या आधी त्यांनी मागे वळून सहीरावांकडे बघितलं. चार दिवसांत त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता.

"चढा," काका म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ होता. "कोणी राहिलं नाही ना?"

"नाही, काका," सहीराव म्हणाले. "मीच शेवटचा."

काका निघाले. मागोमाग सहीराव निघाले, एक पाऊल काकांचं, एक त्यांचं. कुठेतरी पाच वाजले, किनारा कार्यालयाची खिडकी बंद झाली असेल. ते सावकाश चालत राहिले, जन्मात चालले नव्हते इतके सावकाश. पाचव्या खांबापाशी पोचले तेव्हा मागून खिडकीतून गजावर एकच ठोका पडला, आणि दोघेही थांबले.