तिसऱ्या दिवाळीचा डबा

आश्विन आला आणि कृष्णामाई निवळली.

भाद्रपदातला तो तांबूस, गढूळ, उन्मत्त पूर कधी ओसरला, कुणाच्या ध्यानीही आलं नाही. आता घाटाच्या पायऱ्यांशी स्फटिकनितळ पाणी हलक्या आवाजात बोलत होतं. काठाकाठानं हळदीची रानं उभी होती, हरित, उन्नत, पर्णभारानं किंचित लवलेली. त्यांच्यावर ऊन सांडत होतं. आणि कसलं ऊन म्हणावं ते! कोवळं, तुपाळ, सोनसळी, अंगाला लागूनही न टोचणारं. दिवाळी अगदी तोंडावर आली होती.

आश्विन आला की या गावाला वास येतो. बेसन भाजल्याचा वास, वेलदोडा कुटल्याचा वास, तळणाचा तो उष्ण, घट्ट, मनात घर करून राहणारा वास. गल्लीच्या या टोकाला शेव पडते आणि त्या टोकाच्या पोराला भूक लागते. परगावी गेलेल्या लेकी एसटीतून उतरतात, एक दीर्घ श्वास घेतात आणि म्हणतात, आलं गं बाई माहेर. घराघरांतून कढया चढलेल्या असतात.

एका घरात चढलेली नव्हती.

सुतकाच्या वर्षी घरात कढई ठेवायची नाही, तळण करायचं नाही, शेजारपाजारच्यांनी आणून दिलेल्या फराळावर सण साजरा करायचा, अशी आपल्याकडची रीत. वर्ष सरलं की कुणीतरी वडीलधारं म्हणतं, बाई, झालं गेलं गंगेला मिळालं, ठेव आता कढई. प्रभावतीलाही म्हणाले. ती म्हणाली, "तो सापडू दे. मग ठेवीन." एक दिवाळी गेली, दुसरी गेली, आता तिसरी आली. प्रभावतीची कढई माळ्यावरून खाली उतरली नव्हती.

तो म्हणजे विश्वजित. प्रभावतीचा जावई. आणि समोरच्या दारातल्या शालनचा एकुलता एक मुलगा.

काय सांगावं हो त्या दोघींचं मैत्र! एकाच साली लग्न होऊन एकाच गल्लीत आल्या, समोरासमोरच्या उंबऱ्यांवर दोघींनी मापं ओलांडली. एकीच्या चुलीवरचं दूध उतू गेलं तर दुसरी धावायची. दोघींचे धनी अकाली गेले, तेव्हा दोघींनी एकमेकींची कपाळं पुसलेली पाहिली, आणि दोघींनी एकमेकींना पदर दिला. शाले, प्रभे, अगं, तुगं. सख्ख्या बहिणींना हेवा वाटावा असा तो सुस्निग्ध, सुखदुःखसमान स्नेह होता.

आणि त्यांच्या करंज्या! दिवाळीच्या आधीची दुपार, मधे परात, भोवती दोघी. शालन लाटायची, प्रभावती भरायची आणि मुरड घालायची. शालनची पारी पातळ, नितळ, पाकळीसारखी. प्रभावतीची मुरड बारीक, सारखी, देखणी. "करंजी एकटीनं करायची नसते गं," शालन म्हणायची, "एकीनं केली की पारी वाळते आणि तुपात फुटते." दुपारभर लाटणं वाजायचं, बांगड्या वाजायच्या, आणि दोघींच्या हसण्यानं भिंतीही सैलावायच्या.

पाटाखाली दोन मांजरं असायची. शालनचा विशू आणि प्रभावतीची वैजू. विशू मूठ मूठ सारण पळवायचा, ओठांवर खसखशीच्या मिशा घेऊन "मी नाही" म्हणायचा, आणि प्रभावती त्याच्या पाठीत लटका धपाटा घालून आणखी एक मूठ द्यायची. "खा मेल्या, माझ्या हातचं तुला जास्तच गोड लागतं!" वैजू नुसती हसायची. तिच्या गालाला खळी पडायची, उजव्या.

त्याच दोघांचं पुढं जमलं. कुणाला नवल वाटलं नाही. मंगलाष्टकं संपली तेव्हा दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या, इतक्या रडल्या, की मुलीची आई कोणती हे पाहुण्यांना कळेना. विशूला पुण्यात मोठी नोकरी होती. वैजयंती पुण्याला गेली. गल्लीतलं एक हसू कमी झालं, एवढंच तेव्हा वाटलं.

मग तो श्रावण आला.

हिरवा, झरझरता, सणासुदीचा श्रावण. दारच्या लिंबाला प्रभावतीनं झोका बांधून घेतला होता, पंचमीला लेक यायची होती. लेक आली नाही, फोन आला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वैजयंती निष्प्राण पडलेली, गळ्याभोवती तिचीच ओढणी आवळलेली. शेजाऱ्यांनी भांडण ऐकलं होतं. जिना उतरताना विश्वजितला पाहिलं होतं, हातात बॅग, मान खाली. पोलिस विमानतळावर पोचेपर्यंत विमान आभाळात होतं. अथांग, अफाट, कुणाचीच फिर्याद न ऐकणाऱ्या त्या आभाळात.

झोका तसाच हलत राहिला. काढायचं कुणाला सुचलंच नाही.

त्यानंतर प्रभावतीनं किती उंबरे झिजवले! चौकी, कचेरी, वकील, पुन्हा चौकी. साहेब बदलत, खुर्ची तीच, उत्तर तेच. "मावशी, नोटीस काढलीय. पण जग केवढं मोठं आहे! त्याचा नेमका पत्ता मिळाला तर तिथल्या सरकारला लिहिता येईल. पत्ता आणा, बाकी आम्ही बघतो." लेकीचा न्याय एका पत्त्याशी येऊन अडला होता. आणि तो पत्ता या पृथ्वीतलावर कुणाला ठाऊक असेल, तर समोरच्या दारातल्या शालनला.

शालन म्हणायची, "मला ठाऊक नाही." पोलिसांना म्हणाली, गावाला म्हणाली. प्रभावतीच्या डोळ्याला डोळा देऊन मात्र कधीच म्हणाली नाही. दार लोटून घ्यायची. समोरासमोरच्या उंबऱ्यांमधली ती सात पावलांची वाट, तिच्यावर गवत उगवलं म्हणा ना.

तर त्या आश्विनातल्या दुपारी प्रभावती ओसरीवर बसली होती. हातात जोंधळ्याचं सूप, मन कुठंतरी. आणि वास आला.

खोबरं भाजल्याचा वास. मागोमाग वेलदोड्याचा. मग तापल्या तुपाचा. ती ताठ झाली. हा वास कुठलाही नव्हता, हा करंजीचा वास होता, आणि तो समोरच्या घरातून येत होता. शालनला साखरेचं दुखणं. गोड शिवत नाही. घरात दुसरं माणूस नाही. मग ही बाई कढई ठेवून बसलीय ती कुणासाठी?

प्रभावतीच्या पायांतून कळ निघाली ती मस्तकाला भिडली. सूप तिथंच राहिलं. ती उठली, वाट तुडवली, लोटलेलं दार ढकललं आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

शालन परातीपुढं एकटी बसली होती. केवढीशी झाली होती ती! केस पार पांढरे, मनगटं काटकुळी. एकटीच लाटत होती, एकटीच भरत होती. लाटलेल्या पाऱ्या वाळून कडक झाल्या होत्या. कढईत करंज्या फुटल्या होत्या आणि तुपात काळं सारण तरंगत होतं. तिनं मान वर केली, प्रभावतीला पाहिलं, आणि ती दचकलीही नाही. फार दिवस वाट पाहिलेलं माणूस दारात दिसावं तशी बघत राहिली.

"त्याच्यासाठी?" प्रभावतीनं विचारलं.

"हो."

"लाज नाही वाटली, शाले? माझी पोर चितेवर जाळली मी. आणि तू त्याचे लाड पुरवतेस?"

शालनचं लाटणं चालत राहिलं, अडखळत. एक पारी लाटून झाली. पातळ, नितळ. ती परातीच्या काठाला पडून राहिली, आणि डोळ्यांदेखत तिच्या कडा वाळायला लागल्या.

प्रभावतीला शिव्या द्यायच्या होत्या. परात उलथून टाकायची होती. आणि हात बघा माणसाचे कसे बेइमान असतात! ती खाली बसली. पारी तळव्यावर घेतली. सारण भरलं, कडा जुळवल्या, आणि बोटांनी आपण होऊन मुरड घालायला घेतली, बारीक, सारखी, देखणी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटं चालत होती. शालन लाटत होती, प्रभावती भरत होती. कुणी हसत नव्हतं. पाटाखाली कुणी नव्हतं.

सात-आठ करंज्या झाल्यावर शालन बोलली. परातीकडं बघतच बोलली.

"दर फोनला विचारायचे त्याला. विशू, तू नाही ना रे केलंस? नाही म्हणायचा. मी धरून बसले होते गं ते नाही. बुडत्याला काडी तसं." तिनं कपाळाचा घाम मनगटानं पुसला. "ह्या खेपेला सरळ विचारलं. तू मारलंस का माझ्या वैजूला? गप्प राहिला. किती तरी वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, आई, करंज्यांत खसखस जरा जास्त घाल."

घरात फक्त तुपाचा चुरचुर आवाज होता.

"कुठं आहे तो?" प्रभावतीनं विचारलं.

"आई आहे गं मी, प्रभे. माझ्या तोंडानं तुला कसं सांगू?"

"मी पण आईच आहे."

शालननं शेवटची पारी लाटली. लाटणं खाली ठेवलं. "उद्या डबा घालायला कुरियरमध्ये जायचंय," ती म्हणाली. "मला एकटीला जमायचं नाही. येशील माझ्याबरोबर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं तोंडात बोट घातलं. दोघी बाजारपेठेतून चालल्या होत्या, बरोबरीनं, एका डब्याच्या दोन कडा धरून.

कुरियरचं दुकान दिवाळीच्या दिवसांत फराळानं ओसंडतं. साऱ्या गावची लेकरं कुठं कुठं पांगलेली, आणि त्यांच्या आया डबे घेऊन रांगेत उभ्या. चकल्या समुद्र ओलांडतात, चिवडे ढग ओलांडतात. दोघींचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं डबा तोलला, पट्टी चिकटवली, बोटं कीबोर्डवर ठेवली. "सांगा मावशी, पत्ता."

शालननं ओठ उघडले.

मागं प्रभावती उभी होती. श्वास रोखून, डोळे मिटून.

"सतरा," शालन म्हणाली. "एल्डर लेन."

"जरा मोठ्यानं, मावशी. गर्दी आहे."

मग शालननं मान ताठ केली. सबंध पत्ता तिला रामरक्षेसारखा पाठ होता. घराचा क्रमांक, रस्ता, गाव, प्रांत, देश. जीभ अडखळली तिथं तिनं पुन्हा म्हटलं. परका, थंड, काटेरी प्रत्येक उच्चार तिनं सावकाश, स्वच्छ, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा केला. मुलीला दोनदा विचारायची गरज पडली नाही. तरी शालननं पत्ता दोनदा सांगितला.

बाहेर आल्या तेव्हा ऊन रस्त्यावर उतरलं होतं. झेंडूच्या पाट्या लागल्या होत्या, आकाशकंदील झुलत होते, आणि सारी बाजारपेठ केशरी, पिवळी, लखलखीत झाली होती. शालन पायरीवरच थांबली.

"प्रभे, एक मागू? डबा पोचू दे. एवढा एक फराळ खाऊ दे त्याला. मग जा तू चौकीत."

खसखशीच्या मिशांचा तो लहानगा चेहरा प्रभावतीच्या डोळ्यांपुढं आला. खोटं कशाला सांगू, तिचाही जीव होता त्याच्यावर. हो हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. मग तिला दुसरं आठवलं.

"वैजू पंचमीला यायची होती, शाले," ती म्हणाली. "दोनच दिवस राहिले होते. झोका बांधला होता मी. ते दोन दिवस तरी त्यानं दिले का तिला?"

शालन तिच्याकडं बघत राहिली. तीन दिवाळ्यांनंतर पहिल्यांदा डोळ्याला डोळा देऊन.

"नाही दिले," ती म्हणाली.

मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पायरी उतरली आणि घराचा रस्ता सोडून चौकीच्या रस्त्याला लागली. दोन पावलं गेल्यावर मागं वळली. "चल. तुला ते इंग्रजी नाव म्हणता यायचं नाही. मीच सांगते."

चौकीत साहेबांनी खुर्ची दिली. शालन बसली नाही. प्रभावतीनं तिचा हात हातात घेतला, गार पडलेला, तुपाचा वास अजून न गेलेला. दाराबाहेर आश्विन होता, हळदीच्या रानांवरून वारा येत होता. आणि आत एक आई आपल्या लेकराचा पत्ता सांगत होती. सावकाश, स्वच्छ, एकेक अक्षर, एकेक अक्षर.