निम्मी पिकलेली ढेप

"शून्य," वीब्रेनकाका म्हणाले आणि त्यांनी फळीवरची चीजची पुढची ढेप उलटी केली.

"काका, दुपारी संचालकांची सभा आहे. चारशे ढेपा इथं पिकतायत आणि तुम्ही म्हणता काम शून्य झालंय?"

"चीज झालं तर झालं, नाही तर नाही. निम्मं चीज माझ्या बापानं कधी केलं नाही."

फ्रिसलंडमधल्या आमच्या दूध संघानं हे जुनं तळघर वसंतात पुन्हा उघडलं, ते काकांच्या भरवशावर. संघाची हिशेबनीस म्हणून त्याचा पहिलाच हिशेब मी मांडत होते. तो तोट्यात दिसला, की तळघराला कुलूप आणि सगळं दूध पावडरीच्या कारखान्यात. काकांना हे ठाऊक होतं. पण आमच्याकडची माणसं गप्प राहून भांडतात, आणि त्यात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ऐका," मी म्हणाले. "दूध सगळ्या सहाशे ढेपांत पडलंय, म्हणून तो खर्च सहाशेंवर वाटला. ढेपेला सत्तर युरो. तिथं भांडण नाही. पण तुमची मजुरी, वीज वगैरे सोळा हजार झाले. ते मला पिकून विकायला गेलेल्या दोनशेंवरच टाकावे लागतात, कारण बाकीच्यांवर तुम्ही शून्य सांगता. म्हणजे ढेपेला ऐंशी. एकूण दीडशे. व्यापारी देतो एकशेवीस."

"मग?"

"मग या चारशे रोज उलटतं कोण, पुसतं कोण? भूत?"

काकांचा हात थांबला.

"त्या निम्म्या झाल्या असतील, तर पुऱ्या दोनशेंइतकं काम झालंच की. ते दोनशे नि हे दोनशे, सोळा हजार चारशेंवर वाटायचे. ढेपेला चाळीस, दुधासकट एकशेदहा." मला मोह आवरला नाही. "सत्तर टक्के म्हणालात तर आणखी उतरेल."

"फाजीलपणा नको." काका एकेका फळीशी गेले, अंगठ्यानं दाबत, बोटानं ठोकत. परत आले तेव्हा चेहरा पडला होता. "सगळ्या मिळून निम्म्या. वर कणभर नाही."

सभेत खजिनदार फ्राउकेबाईंनी चष्मा वर केला. "सकाळच्या कच्च्या हिशेबात शून्य होतं. जेवणाच्या सुट्टीत पिकल्या वाटतं?"

सगळे हसले.  तेवढ्यात काका काखेत ढेप घेऊन आत आले. खिशातून त्यांनी चीज आतून तपासायची पोकळ कोरणी काढली. न पिकलेल्या ढेपेला त्यांनी जन्मात कोरणी लावली नव्हती. आज लावली, आतली कांडी काढली आणि तुकडे पुढे केले.  मला फार वाईट वाटलं.

"खा आणि सांगा, शून्य आहे का हे."

संचालक सगळे गाई पाळणारे. सावकाश चघळत राहिले.

"मीठ मुरलंय," एकजण म्हणाला. "आंबूसपणा अजून आहे."

"निम्मी," फ्राउकेबाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच आकडा बदलला. ढेपेला एकशेदहा. तळघर पुढच्या वसंतापर्यंत राहिलं.

कांडीचं उरलेलं टोक काकांनी भोकात परत बसवलं, अंगठ्यानं लिंपलं आणि ढेप खाली तळघरात तिच्या जागेवर नेऊन ठेवली. मी मागोमाग गेले होते.

"भोक पाडलंत. आता पिकेल ना?"

काकांनी ती फडक्यानं पुसली.

"निम्मी तर पिकलीच आहे," ते म्हणाले आणि शेजारची ढेप उलटू लागले.