पडकईचे अकरा दिवस

भगवंतराव माझे सासरे, त्यांचे चिरंजीव गोरखराव माझे यजमान, आमचा मुलगा संपत. आणि संपतची एकुलती एक मुलगी तेजस्विनी. खोडदच्या आमच्या मळ्यात पहिल्या तिघांनी द्राक्षे लावली आणि विकली. तेजस्विनीने त्यांची दारू केली.

स्वच्छ शब्दांत लिहिते, कारण ती दारूच आहे. तिने पुण्यातली नोकरी सोडली, रीतसर परवाना काढला, शेडमध्ये तांब्याची भट्टी बसवली आणि जिन गाळू लागली. संपतने तिच्यासाठी ट्रॅक्टर विकला. पहिली धार पाहायला तो राहिला नाही. भाद्रपदात गेला.

त्याच्या तेराव्याच्या जेवणापासून माझ्या जिभेला चव लागत नाही. पुरणपोळी आणि भाकरी यांतला फरक मला दातांनी कळतो. डॉक्टरांना दाखवले नाही, घरात सांगितले नाही. या घरात मीठ किती घालायचे ते मी सांगते.

रोज चार वाजता तेजस्विनी तबकात पेले मांडून आणी. टोमॅटोच्या साराची निवळी आणि जिन. नाचणीची आंबील, जिन आणि थोडी काकवी. एकदा जांभळाचा रस, पेल्याच्या कडेला मेतकूट लावलेले. मी चमच्याने घेई; पेला तोंडाला लावणे मला शोभत नाही.

“आजी, कसं?”

“बरे आहे,” मी म्हणे. ती वहीत लिहून घेई.

मग तिने बाळहिरडा आणला. कोवळेपणीच तोडून वाळवलेला, काळा, मनुकेएवढा हिरडा. गाळून झालेल्या तीनशे लिटर जिनमध्ये तिने तो भिजत घातला. आठव्या दिवशी विचारले, “काढू का आता?”

मी चमचा तोंडात घेतला. घसा भाजला. बाकी काही नाही.

“मुरू दे अजून आठ दिवस,” मी सांगितले. पन्नास वर्षे मी लोणची घातली, मोरावळे केले. माझ्या हातचे सारे मुरूनच सुधारले होते. तेजस्विनीने ऐकले.

माघात पुण्याहून सुदर्शन नावाचे गृहस्थ आले. त्यांचा बार आहे. पसंत पडल्यास वर्षभराचा माल ते घेणार होते. न पडल्यास भट्टी विकावी लागणार होती, हे त्यांनाही आणि आम्हा दोघींनाही ठाऊक होते. त्यांनी एक घोट घेतला. नंतर दोन भांडी पाणी प्यायले.

“ताई, जीभ टाळूला चिकटली,” ते म्हणाले. “याच्यावर गिऱ्हाईक दुसरा पेग नाही मागणार, बिल मागेल.” उठताना मात्र म्हणाले, “मागे सुगंध चांगला आहे. चैत्र संपेपर्यंत थांबतो.”

त्यांची गाडी गेल्यावर तेजस्विनीने विचारले, “आजी, तुला तुरट लागलं नाही?”

“मला चव लागत नाही.”

“कधीपासून?”

“तेराव्यापासून.”

ती रडली नाही. मीही नाही. तिने पेले धुऊन पालथे घातले. “माझीपण जीभ चाखून चाखून मेलीय,” ती म्हणाली. “म्हणून तुझ्यावर सोडलं होतं. आता कुणाला विचारू?”

मला एकच नाव माहीत होते. ते मी पस्तीस वर्षे उच्चारले नव्हते.

तळेघरच्या चिमाबाई जन्मभर हिरडा वेचतात. दाताखाली धरून झाड कोणते ते सांगतात. यजमान दवाखान्यात होते त्या वर्षी द्राक्षे वेलीवर तयार होती आणि मजूर मिळेना. तेव्हा मी स्वतः तळेघरला जाऊन पडकई बोलावली. पडकई ही तिकडची रीत: तुम्ही माझ्या शेतावर जितके दिवस द्याल, तितके मी तुमच्या शेतावर द्यायचे. चिमाबाईंनी अकरा दिवस दिले. फेडायची वेळ आली तेव्हा सासरे म्हणाले, आपल्या घरची सून दुसऱ्याच्या खळ्यावर बसत नाही. मलाही ते पटले. मी भारी लुगडे पाठवले. ते घडी न मोडता परत आले.

आम्ही जीपने गेलो. चिमाबाई कातळावर हिरडा पसरीत होत्या. त्यांनी मला ओळखले, पण उठल्या नाहीत. तेजस्विनीने बाटली पुढे केली. त्यांनी बोट बुडवून जिभेवर टेकवले आणि थुंकल्या.

“किती दिस ठिवला ह्यात?”

“सोळा,” तेजस्विनी म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“मी,” मी म्हणाले.

“लोणचं घालत व्हता व्हय, बाई?” त्या तेजस्विनीकडे वळल्या. “कधी काढायचा ते मी सांगन, पोरी. पर आमचे अकरा दिस कुठं हायेत, इचार तुज्या आजीला.”

“माणसे पाठवते,” मी म्हणाले.

“माणसं मस हायेत हितं. पडकई तुमी बोलावली व्हती.”

“मी करते ना अकरा दिवस,” तेजस्विनी म्हणाली.

“तुजं काय देणं हाय? तू तुजी भट्टी बघ.”

मी चपला काढल्या आणि कातळावर बसले. तेजस्विनीला म्हटले, “माझी दोन लुगडी आणि गोळ्या पाठवून दे.”

चिमाबाईंनी लगेच सांगितले. हिरडा आधी तुपात फुगेपर्यंत परतायचा आणि भाताला आधण येऊन भात शिजेतो भिजवायचा. त्यापुढे क्षणभर नाही. तेजस्विनी निघाली. बिघडलेली जिन पुन्हा भट्टीतून काढायची, तुरटपणा तळाशी राहतो, असे ती जाता जाता म्हणाली.

मी काळे हिरडे एका सुपात, तांबूस दुसऱ्या सुपात निवडीत असे. ऊन लागे, पण ते दुसऱ्या कुणाला लागावे तसे. बोटे काळी झाली. तिसऱ्या दिवशी चिमाबाई म्हणाल्या, “लई हळू चालतंय.”

“माझे वय चौऱ्याहत्तर आहे.”

“माजं अठ्ठ्याहत्तर. निवडा.”

नवव्या दिवशी तेजस्विनी नवी बाटली घेऊन आली. चिमाबाईंनी बोट बुडवले. या वेळी थुंकल्या नाहीत. “ह्ये पिता यील,” म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसले. तेजस्विनीने माझ्याकडेही चमचा धरला. मी घेतला. घसा भाजला.

दहाव्या दिवशी तिचा फोन आला. सुदर्शन यांनी ती जिन आंबिलीत घालून प्यायली, मग निवळीत, मग नुसती. चौथा पेला स्वतः मागितला. वर्षभराचा माल घेणार होते.

“बरे झाले,” मी म्हणाले.

“उद्या गाडी पाठवू का, आजी?”

“परवा.”

अकराव्या दिवशी उन्हे कलल्यावर मी शेवटचे सूप पोत्यात रिकामे केले. चिमाबाईंनी पोत्याचे तोंड बांधले.

“फिटली, बाई,” त्या म्हणाल्या.

“पुरती?”

“पुरती. आता उठा. आणिक एक दिस बसला, तर माज्यावर चढंल.”