महाडच्या दवाखान्यातला नादकाटा

मी एक जुना नादकाटा आहे. मित्रांनो, माझे भाऊबंद तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असतात. त्यांना रबराच्या ठोकळ्यावर आपटतात, पाण्याला टेकवून तुषार उडवतात आणि मुलं खूश होतात. माझ्या नशिबी असले खेळ आले नाहीत. मी पहिल्यापासून दवाखान्यातला. वर दोन भुजा, खाली एक दांडी आणि दांडीच्या टोकाला बटणासारखी चपटी टाच. मला एकच सूर येतो. कुणाचं मन राखायला तो बदलत नाही.

कारखान्यात मला घडवताना कारागिराने पुष्कळ घासलं. सूर बरोबर लागला तेव्हा तो नुसतं "हं" म्हणाला. पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टर चारुलता यांनी मला विकत घेतलं आणि महाडच्या बाजारपेठेतल्या आपल्या दवाखान्यात आणलं. ती नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. औद्योगिक वसाहतीतले कामगार पाळी सुटली की यायचे. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत राहून ते शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलत. डॉक्टर मला आपल्या कोपरावर आपटून वाजवत आणि त्यांच्या कानाजवळ धरत. तेव्हा माझा रुबाब होता.

मग कान तपासायचं यंत्र आलं. त्याला बटणं होती, दिवे होते, डोक्यावर घालायचे हेडफोन होते. मी खणात गेलो, कापसाच्या शेजारी. वाईट वाटलं, पण कुणाला सांगणार? यंत्राची एकच अडचण होती. त्याला वीज लागायची, आणि दोन हजार सालानंतर महाडला भारनियमन नेमाने पाळलं जायचं.

अशाच एका वीज गेलेल्या दुपारी पोलादपूरकडून तिघं आली. कशेडी घाटाच्या पायथ्याला त्यांचं गाव. मालोजी हे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, बनुबाई त्यांची पत्नी आणि पूजा ही मुलगी. पूजा लोणेऱ्याला इंजिनिअर झाली होती आणि विमानतळावरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या नोकरीसाठी निवडली गेली होती. कोणतं विमान कधी उतरेल, कोणी थांबायचं, हे वैमानिकांना रेडिओवरून सांगायचं काम. फक्त मुंबईची वैद्यकीय तपासणी राहिली होती. त्यात अडकली, तर सगळं मुसळ केरात. म्हणून आधी इथे.

"मॅडम, हिला चष्मा हाय," मालोजी दबक्या आवाजात म्हणाले. "चष्मा दिसला की बाहेर काढतात. मी भरतीत बघितलंय. म्हणून नजर सुधारायला सकाळी दवावरनं अनवाणी चालवतोय हिला."

"तिला बंदूक चालवायची नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "या नोकरीला चष्मा चालतो. तो लावून नीट दिसलं पाहिजे. रंग अचूक ओळखता आले पाहिजेत, रक्तदाब ताब्यात हवा, फिट येता कामा नये. आणि दोन्ही कान चांगले हवेत. आकाशातून आलेला आकडा चुकीचा ऐकला तर काय होईल?"

पूजाने पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. तिला बरंच हायसं वाटलेलं दिसलं.

मग डॉक्टरांनी खण उघडला. मला वाजवून त्यांनी माझी टाच पूजाच्या कपाळाच्या मधोमध टेकवली. "कुठे ऐकू येतंय?"

"उजव्या कानात. डाव्यापेक्षा मोठ्याने."

"बघा! उजवा कान एक नंबर!" मालोजी खुलले.

डॉक्टर खुलल्या नाहीत. कपाळावरून माझा सूर हाडातून आत जातो. एखाद्या कानाची बाहेरची वाट बुजलेली असेल, तर त्याच कानात मी जास्त घुमतो. मी ज्या कानात मोठ्याने ऐकू आलो, तोच कान अडला होता. पूजा तशीच मुंबईला गेली असती, तर तिथल्या यंत्राने तिला तिथेच थांबवलं असतं.

डॉक्टरांनी बॅटरीने कानात पाहिलं. आत तेल आणि मळ यांचा घट्ट बोळा बसला होता.

"कानात तेल कोण घालतं?"

बनुबाई लेकीच्या तोंडाकडे पाहत होत्या. पूजाने वाकून प्रश्न पुन्हा सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मीच घालते. दर रविवारी न्हाणं झाल्यावर, कोमट करून. लहानपणापासनं. कान थंड राहतात ना!" आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

मालोजी चिडले. "आता तिकडं घरातल्यांचं पण विचारतात, कोणाला काय आजार हाय म्हणून. सांग, आईनं तेलात बुडवली!"

बनुबाईंनी मान खाली घातली. ते ओरडणं त्यांना बरोबर पोचलं होतं.

डॉक्टरांनी थेंब दिले, आठवड्याने बोलावलं आणि कान साफ केला. आतला पडदा धडधाकट होता. मी पुन्हा कपाळावर बसलो आणि पूजा म्हणाली, "आता मधोमध येतंय." यापेक्षा मोठी शाबासकी मला कधी मिळालेली नाही.

मुंबईची तपासणी पार पडली. पूजा लायक ठरली. प्रशिक्षणाला निघायच्या आधी तिघं पेढे घेऊन दवाखान्यात आली. डॉक्टरांनी पेढा तोंडात टाकला आणि सहज म्हणाल्या, "बनुबाई, या, आज तुमचे कान बघू."

"माझे कशाला? मला कुठं विमान उतरवायचंय?" पण डॉक्टरांनी हाताला धरून बसवलंच.

मला वाजवून त्यांनी बनुबाईंच्या कानाजवळ धरलं. "येतंय ऐकू?"

"येतंय," बनुबाई हसून म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला दुसऱ्या कानाजवळ नेलं. "येतंय?"

"हो, चांगलं येतंय."

मग डॉक्टरांनी मला न वाजवताच तिथे धरलं. मी पूर्ण गप्प होतो.

"आणि आता?"

"येतंय की!"

पूजा आईच्या समोर जमिनीवर बसली. "आई, खरं सांग गो. कधीपासून?"

बनुबाईंनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "तुझी नोकरी पक्की झाली ना? आता कोणी काढून नाय ना घेणार?"

"नाही."

"मग सांगते. दोन पावसाळे झाले, नाय येत नीट. तोंडाकडं बघून समजून घेते. तपासणीचं ऐकल्यावर भ्यायले. म्हटलं, आई बहिरी हाय कळलं, तर पोरीलापण तसंच धरतील."

मालोजी खिडकीकडे वळले. फौजेतला माणूस, पण खांदे हलत होते.

डॉक्टरांनी बनुबाईंचा हात हातात घेतला आणि सावकाश, ओठ दिसतील असं बोलल्या. "तिथे पूजाचे कान बघतात, बनुबाई. आईच्या कानांची शिक्षा लेकीला देत नाहीत." मग मला पूजाच्या हातात दिलं. पूजाने कोपरावर आपटून मला वाजवलं आणि माझी टाच आईच्या कानामागच्या हाडावर टेकवली.

बनुबाई दचकल्या. त्यांनी पूजाचं मनगट घट्ट धरलं, मला तिथून हलू देईनात.

"आत्ता आलं गो," त्या म्हणाल्या. "आत्ता खरंच आलं."

हाडातून ऐकू येतं, म्हणजे आतला कान जागा आहे आणि पुष्कळदा इलाज होतो, असं डॉक्टरांनी समजावलं. पूजाने प्रशिक्षणाला निघायच्या आधी आईला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं.

मी परत खणात आहे, आणि माझी तक्रार नाही. मित्रांनो, कानात तेल घालू नका, काडी घालू नका, हे तर आहेच. पण तुम्हाला तपासायला जो माणूस हाताला धरून घेऊन येतो ना, त्यालाही एकदा त्या खुर्चीवर बसवा. त्याने "येतंय ऐकू" म्हटलं, तरी एवढ्यावर उठू देऊ नका.